‘पाप’ एकटं येत नाही

बपेरा हे सीमेवरचं गाव. मराठी-हिंदी दोन्ही रोज कानावर पडतात. तेव्हा एकाच शब्दाचे दोन संसार कसे असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मराठीत ‘शिक्षा’ झाली की माणूस तुरुंगात जातो, हिंदीत शाळेत!

आज आम्ही बायबलातला असाच एक शब्द घेतो. मूळ ग्रीक ‘हमार्तिया’, म्हणजे निशाणा चुकणं. अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात तो येतो, तिथे आपले समीक्षक त्याला शोकनायकाचा ‘प्रमाद’ म्हणतात. नव्या करारात तोच शब्द आला की मराठीत होतं ‘पाप’. दुसरा शब्द अनुवादकांजवळ होता तरी कुठे? पण आपल्याकडे पाप एकटं येत नाही, पुण्याला सोबत घेऊन येतं. लगेच खतावणी उघडते: इकडे जमा, तिकडे नावे. पापाचा घडासुद्धा भरतो, म्हणजे मापून भरतो!

पौलाच्या रोमकरांस पत्रात ही खतावणीच बाद ठरते. तिथे पाप म्हणजे वाईट कृत्यांची बेरीज नव्हे. ते माणसावर हुकूम चालवणारा धनी आहे. पुण्य जमवून त्याच्या हातून सुटका नाही, कृपेनेच आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन पेलाजियसशी भांडला तो याच मुद्द्यावर. माणूस स्वतःच्या इच्छाबळावर पापापासून दूर राहू शकतो, असं पेलाजियसचं म्हणणं. खतावणीची सवय झालेला मराठी वाचक, आमच्या मते, नकळत पेलाजियसच्या पंगतीला जाऊन बसतो.

जुन्या शब्दांच्या या ओझ्याचं करायचं काय? फादर स्टीफन्सने १६१६च्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हटलं. पंडिता रमाबाईंनी उलट वाट धरली. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली मृत्यूच्या तोंडावर ते काम पुरं केलं, आणि वेदान्ताचा वास असलेले शब्द निवडून बाजूला सारले. त्या सचोटीपुढे आम्ही नमतो. पण ‘पाप’ काही त्यांनाही सोलून काढता येणार नव्हतं. तो शब्द शास्त्रात नाही, घराघरात राहतो.

आमची तक्रार अनुवादावर नाही, भाष्यावर आहे. कोश उघडून ‘निशाणा चुकणं’ एवढं सांगितलं की भाष्यकाराला काम झाल्यासारखं वाटतं. अहो, तुकोबा उघडा! स्वतःला पतित म्हणणारा हा माणूस पुण्याची पावती पुढे करत नाही, पतितपावनाकडे नुसती कृपा मागतो. ही खतावणी मराठीतच, पंढरीच्या वाटेवर, कधीच फाडली गेली होती. रेव्हरंड टिळकांना हे नेमकं उमगलं होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. त्या पुलाची भक्कम मीमांसा मराठीत व्हायला हवी.

पुढच्या व्याख्यानात ऑगस्टिनचं ‘कन्फेशन्स’ आणि गाथा शेजारी-शेजारी ठेवून वाचू. गाथा घरी असेलच, येताना घेऊन या.