एका दिवसात हजार मैल : पावत्या, पराक्रम आणि झोप



समीक्षा म्हटली की आपल्याकडं कविता, कादंबरी, नाटक एवढंच डोळ्यांपुढं येतं. आज आम्ही जरा वेगळा ऐवज हाती घेतोय. मोटरसायकलवरून एका दिवसात हजार मैल कापणाऱ्यांनी लिहिलेल्या, बोललेल्या, कॅमेऱ्यात टिपलेल्या कहाण्या. हा विषय सोलापुरात मांडायला कारण आहे. पुणे–हैदराबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. विजयपूरचा, तुळजापूर-बीडचा, सांगली-कोल्हापूरचा रस्ता इथंच येऊन मिळतो. रात्री कधीही बाहेर पडा, अंगावर जाकीट, टाकीवर नकाशाची पिशवी, अशी पोरं रस्त्यावर दिसणारच.

आधी हा प्रकार काय ते पाहू. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. मराठीत सांगायचं तर लोखंडी बुडाच्या लोकांची मंडळी. त्यांची पहिली पायरी म्हणजे ‘सॅडलसोर १०००’. खोगीर लागून जी जखम होते, तिचं नाव या प्रमाणपत्राला दिलंय. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर. आपल्या हिशोबात सोलापूर–पुणे तीन वेळा जाऊन येणं, आणि वर पुन्हा इंदापूरच्या आसपास पोचणं. एका दिवसात, एका माणसानं. भारतातल्या अनेकांनी हे प्रमाणपत्र मिळवलंय.

या प्रकाराची चेष्टा करणं सोपं आहे. ते आम्ही करणार नाही. यात एक खरी शिस्त आहे. निघण्याचा आणि पोचण्याचा पुरावा लागतो. वाटेत पेट्रोलच्या छापील पावत्या जपाव्या लागतात, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण असावं लागतं. ‘मी केलं’ असं नुसतं म्हणून चालत नाही, पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडं थापा मारण्याची परंपरा किती जुनी आहे हे आम्ही सांगायला नको. तिथं कुणी पावती मागतंय, ही चांगली गोष्ट आहे.

पण पावतीचं एक होतं. ती हळूहळू कहाणीची जागा घेते. यातलं कुठलंही कथन उघडून बघा. साचा ठरलेला. पहाटे चारला निघालो. अमुक ठिकाणी टाकी भरली. उन्हानं हैराण केलं. पाठ धरली. शेवटचे दोनशे किलोमीटर मनाच्या बळावर काढले. आणि शेवटी मीटरचा फोटो. त्यात भिगवण येतं ते पेट्रोलच्या पावतीवर. उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते त्यात नसतात. मोहोळ येतं, माणूस येत नाही. गावं फक्त वेळ नोंदवण्यापुरती.

आता मराठी प्रवासवर्णनाकडं या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरच्या कर्जापायी उत्तरेकडं निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. आज आपण तो अंतरासाठी वाचत नाही. वाटेत भटजींवर काय गुदरलं, झाशीत त्यांनी काय पाहिलं, यासाठी वाचतो. मोटरसायकलवरच्या पुस्तकांचंही तेच. रॉबर्ट पर्सिग यांचं १९७४ चं गाजलेलं पुस्तक घ्या. बाप आणि पोरगा मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडं जातात, पण मोठे महामार्ग टाळून आडरस्त्यानं. टेड सायमन चार वर्षं जग फिरले. या दोघांनाही रस्त्यात अडायला वेळ होता. अडलं की माणूस भेटतो, आणि माणूस भेटला की गोष्ट सुरू होते.

कुणी म्हणेल, तुलनाच चुकीची आहे. हा प्रवास नाही, खेळ आहे. मॅरेथॉन धावणाऱ्याला तुम्ही झाडं बघितली का असं विचारता का? मुद्दा मान्य. मग खेळ म्हणूनच तपासू. खेळाचं कथन कशावर जोखायचं? खेळाडूच्या शरीराचं काय झालं हे ते खरं सांगतं का, यावर. आमचा मुख्य आक्षेप इथं आहे. या कहाण्या आकड्यांबाबत काटेकोर आहेत आणि झोपेबाबत गप्प आहेत.

जरा गणित करू. १,६०९ भागिले २४, म्हणजे ताशी ६७ किलोमीटर. ऐकायला किरकोळ. याच संस्थेनं अनुभवी चालकांचे सल्ले छापलेत, त्यात जास्त वेगाचा नाद सोडा असंच सांगितलंय. तिथं ते शहाणपणाचं आहे. अमेरिकेतल्या अनेक महामार्गांवर ताशी ७० मैलांची किंवा त्याहून जास्त मुभा आहे. ७० नं गेलं तर सव्वाचौदा तासांत काम होतं, विश्रांतीला पावणेदहा तास उरतात. आता आपल्याकडं या. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं चौपदरी महामार्गावरही मोटरसायकलला कमाल मर्यादा ताशी ८०. काटा कधीच ८० खाली आला नाही असं धरलं, तरी २० तास ७ मिनिटं नुसती चाकावर. पण टोलनाका आहे, गावातला गतिरोधक आहे, उलट्या दिशेनं येणारी रिक्षा आहे. चालताना सरासरी ७० पडली तर २३ तास गेले. उरला एक तास. त्यात चार-पाच वेळा पेट्रोल, पाणी, जेवण. झोप कुठं बसवायची, सांगा.

म्हणजे भारतात हे प्रमाणपत्र मिळवणाऱ्यापुढं दोनच वाटा राहतात. कायद्याची वेगमर्यादा मोडायची, नाहीतर झोप मोडायची. बहुतेक वेळा दोन्ही. कथनात मात्र यातलं काही येत नाही. तिथं येतं ‘मनाचं बळ’.

झोपेशी मनाचं बळ चालत नाही, हे मोजून झालेलं आहे. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, आणि २४ तासांनी तो जवळपास ०.१० टक्क्यांवर जातो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटे तीनला उठून चारला निघालेला गडी रात्री आठला १७ तास जागा असतो. ताशी ६७ च्या हिशोबानं त्याचं अजून पाचशेहून जास्त किलोमीटर बाकी असतं. म्हणजे सोलापूरहून पुण्याला जाऊन परत येणं. ते त्यानं अंधारात, त्या अवस्थेत करायचं.

आणि आपला अंधार कसला? गाळपाचा हंगाम असला की टेंभुर्णी-मोहोळकडं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं धड लाल दिवा नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यात हौशी किती हे या आकड्यातून कळत नाही, आणि आमचा तसा दावाही नाही. पण दुचाकीवर बसलेल्याला वाचवायला भोवती पत्राही नसतो, एवढं त्यातून कळतं.

त्याच रस्त्यावर त्याच वेळी ट्रकचा ड्रायव्हर असतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं त्याच्या कामाचे सर्वसाधारण तास आठ ठरवले होते. प्रत्यक्षात तो किती तास चाकामागं असतो, ते ढाब्यावर विचारा. त्याला जागरणाचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. त्याच्या जागरणाला आपण नाइलाज म्हणतो, आणि हौशी माणसाच्या जागरणाला पराक्रम. शब्दांतला हा फरक समीक्षकानं दाखवायलाच हवा. कारण दोघं समोरासमोर येतात तेव्हा रस्ता हा फरक मानत नाही.

लांब अंतराचं आकर्षण आपल्याला नवं नाही. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ते अंतरही साधारण अडीचशे किलोमीटर, सोलापूर–पुण्याएवढंच. चालणारे कमी चिवट नसतात. पण तिथं मुक्काम ठरलेला असतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. मुक्काम म्हणजे कमीपणा असं कुणी मानत नाही. वारीच्या कहाणीत मुक्कामांचीच नावं पाठ असतात. अंतर आणि विश्रांती एकाच हिशोबात धरता येतात, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं शिकवायची गरज नाही.

म्हणून आमचं म्हणणं ‘गाडी चालवू नका’ असं नाही. चालवा, लांब चालवा. पण पुढच्या वेळी अशी कहाणी वाचाल, पाहाल, तेव्हा खाली वाहवा लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती तास जागे होता? चालताना सरासरी वेग किती होता? आणि डोळा लागला असं कुठं वाटलं, तेव्हा काय केलंत? तिसऱ्याचं खरं उत्तर देणारं कथन आम्हाला मीटरच्या फोटोपेक्षा मोलाचं वाटेल. ‘अकराशेवर थांबलो, लॉजवर झोपलो, प्रमाणपत्र गेलं’ असं लिहिणारा कुणी भेटला, तर त्याला पुढच्या व्याख्यानाला घेऊन या. आम्ही खाली बसून ऐकू.

आता प्रश्न घेऊ या.