तायप्पाची साडी आणि आजीचं लुगडं

अकोल्याला घरी गेलो की काका एक वाक्य ऐकवतातच: ‘हे गे-फे सारं मोबाइलातून आलं.’ मी गे आहे हे त्यांना माहीत नाही. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो. वाद घालायच्या आधी डेटा जमवायची खोड आहे. घरी सांगायचं तर ‘हे आपल्याच मातीतलं आहे’ असा पुरावा खिशात असावा, म्हणून वाचायला बसलो.

सुरुवात झाली थेट कॅनडापासून. उत्तर अमेरिकेतल्या कित्येक आदिवासी जमातींमध्ये बाई आणि पुरुष या दोन खान्यांत न बसणारी माणसं होती, त्यांना आपापली नावं होती. मानववंशशास्त्रज्ञांनी मात्र त्या सगळ्यांना मिळून ‘बर्दाश’ असा एकच हिणकस शब्द चिकटवला. १९९० साली विनिपेगजवळच्या एका परिषदेत त्या माणसांनीच तो फेकून दिला आणि ओजिब्वे भाषेच्या आधाराने ‘टू-स्पिरिट’, म्हणजे दोन आत्म्यांचे, हे नाव घेतलं. मला हेवा वाटला. लगेच पुढचा प्रश्न: मग आपले टू-स्पिरिट कोण?

सोशल मीडियावरच्या याद्यांत उत्तर तयार असतं. शिखंडी, अर्धनारीनटेश्वर, हिजडे, जोगते. जोगता म्हणजे यल्लम्माला सोडलेला, साडी नेसून, भंडारा लावून जोगवा मागणारा पुरुष. ही प्रथा मुख्यतः कर्नाटकाच्या सीमेकडची. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांना जोगता कळला तो राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’मुळे (२००९). हॉस्टेलच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कोणीतरी ‘जीव रंगला’ म्हणायचंच. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर तो बेतलेला आहे. पुरावा म्हणून परत बघितला, आणि पुरावाच हातातून निसटला.

तायप्पाला साडी नकोच आहे. ती देवीच्या नावाने त्याच्यावर लादलेली आहे. त्याचं सुलीवर प्रेम आहे आणि त्याची सुटका म्हणजे ती साडी टाकणं. उपेंद्र लिमये यांनी ती घुसमट अशी उभी केली आहे की तिला ‘आपला अभिमानास्पद वारसा’ म्हणायची लाज वाटावी. आता दुसरीकडे बघा. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१९ च्या कायद्यात ‘जोगता’ हाच शब्द किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या रांगेत ओळख म्हणून छापलेला आहे. पडद्यावर जी बेडी, ती कायद्यात ओळख.

मला दोन्ही खरं वाटतं. लादलेली साडी हा जुलूमच, आणि गवसांनी तो लिहिला हे मोठं काम आहे. पण गोष्ट तायप्पाची असल्यामुळे कॅमेरा साडीतून बाहेर पडू बघणाऱ्याकडे राहतो. यल्लम्माच्या नावावर का होईना, ज्याला हवी होती ती साडी नेसायला मिळाली, तो जोगता गोष्टीच्या मध्यभागी येत नाही. प्रथा बंद करा म्हणताना त्याने कुठे जायचं? माझी ‘जोगवा’बद्दलची तक्रार एवढीच आहे, पण ती जात नाही.

मग वाटलं, जोगता तर लांबचा, वऱ्हाडाचं काय? वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता, म्हणून त्या प्रांतातल्या जाती-जमातींवरचं रसेल आणि हिरालाल यांचं चार खंडांचं पुस्तक (१९१६) उघडलं. तिसऱ्या खंडात कोरकूंवर लांब प्रकरण आहे आणि त्याच खंडात ‘हिजडा’ ही एखाद्या जातीसारखी नोंद आहे. तिची पहिली काळजी काय, तर जन्मजात कोण आणि कापून घेतलेला कोण. शरीर तपासून झालं, पण माणूस स्वतःला काय म्हणतो हे विचारलेलंच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांची नोंदवही ठेवायची सोय केली होती. भाषा त्याच वहीतली वाटते.

याच्या पुढे २०१२ चं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ ठेवून बघा. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी शब्द तोच ठेवला, फक्त त्याच्या आधी ‘मी’ आला. विनिपेगजवळ झालं ते हेच. आणि इथे मला माझीच चोरी कळली. मी जोगता नाही, हिजडा नाही. त्यांचं आयुष्य मी काकांसमोर टाकायच्या अर्जाला झेरॉक्स म्हणून जोडत होतो.

शेवटी रसेलला बंद केलं आणि आजीला विचारलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, ‘तुहा बाप झाला तवा आल्ते ना थे. म्या लुगडं देल्लं, पायलीभर जवारी देल्ली. त्याइचा आशीर्वाद लागते बाप्पा.’

काकांच्या मोबाइलापेक्षा कितीतरी जुना पुरावा. मी हळूच विचारलं, ‘आन् आजी, घरातलंच कोनी वेगळं असलं त?’

तिचा हात सुपात थांबला. ‘घरातलं म्हंजे कोन?’

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘असंच इचारलं.’