नक्कल कुणाची, प्रेरणा कुणाची? महाडहून पुरुषांच्या फॅशनकडे बघताना

पुरुषांच्या महागड्या कपड्यांबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. कुणाला प्राडा-गुच्ची म्हणजे उधळपट्टी वाटते, कुणाला कला. पण तीच नावं छापलेले टी-शर्ट महाड-पोलादपूरच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांना टांगलेले दिसले, की सगळ्यांचं एकमत होतं: ही नक्कल आहे! पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताय ना? मग आज या एकाच शब्दाची झाडाझडती घेऊ. कारण ‘नक्कल’ हे निरीक्षण नाही. निरीक्षणाच्या वेषात आलेला तो निकाल आहे.

हा शब्द येतो कुठून?

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ साली मांडलं की श्रीमंत माणूस वस्तू वापरण्याइतकाच ती दाखवण्यासाठी खर्च करतो, आणि खालचे थर त्याचं अनुकरण करतात. १९०४ मध्ये गेऑर्ग झिमेलने पुढची पायरी सांगितली: खालचे जवळ आले की वरचे फॅशन बदलतात. आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास यांची ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना याच घरातली वाटते, खालच्या जातींनी वरच्यांच्या रीती उचलणं.

तिन्ही मांडण्या उपयोगाच्या आहेत, परीक्षेत तर हमखास. पण तिन्हींमध्ये बघणारा माणूस जिन्याच्या वरच्या टोकाला उभा आहे. खालून वर बघणाऱ्याला काय दिसतं, हे त्यात नीट येत नाही. ते बघायला महाडसारखी जागा नाही.

महाड, १९२७

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा आणि मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबरचं, हे तुम्हाला पाठ असेल. पण त्या डिसेंबरच्या परिषदेत डॉ. आंबेडकर कपड्यांवरही बोलले होते, हे आपण सहसा तळटीपेत ढकलतो. स्त्रियांना त्यांनी सांगितलं, की ज्या लुगडं नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते सोडा. ठिगळं असली तरी चालतील, कपडा स्वच्छ हवा.

हे संस्कृतीकरण म्हणायचं का? घाईने पाहिलं तर हो. पण नीट विचार करा. अनुकरण करणारा जिना मान्य करून एक पायरी वर चढायला बघतो. इथे तर जिन्याचा ग्रंथच त्याच परिषदेत जाळला गेला. मागणी ‘आम्हाला तुमच्यासारखं दिसू द्या’ अशी नव्हती. ‘आमच्या अंगावरची तुमची खूण काढतोय’ असं ते सांगणं होतं. दिसायला दोन्ही सारखंच, अर्थ उलटा.

पुरुषांच्या कपड्यांचं काय? ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या पुस्तकात आंबेडकरांनी इंदूर भागातल्या बलाई समाजावर १९२८ च्या सुमारास लादलेल्या अटी दिल्या आहेत. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. म्हणजे धोतराच्या काठावरसुद्धा गावाचा पहारा! ही यादी डोळ्यांसमोर ठेवा आणि मग पुतळ्यांमधला बाबासाहेबांचा सूट बघा. १९२१ मध्ये गांधीजींनी मदुराईत अंगावरचे कपडे कमी केले, तो त्याग होता आणि त्याचं मोल आहेच. पण त्याग करायला आधी हक्क असावा लागतो. ज्याला काठाचीच बंदी, त्याने साधेपणा निवडला तर तो कुणाला दिसणार?

मिलान, २०२५

आता उलटा प्रवास बघा. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात मॉडेल्सच्या पायात होती ती थेट आपली कोल्हापुरी. पुढून उघडी, अंगठ्यात अडकणारी, वेणीच्या पट्ट्याची. सुरुवातीला तिची ओळख फक्त ‘चामडी सँडल’. टीका झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं.

माझं स्पष्ट मत सांगतो: चप्पल सुंदर होती, आणि इतकी भर न घालता उचललेली म्हणूनच सुंदर होती. डिझायनरचं कसब त्यात मला फारसं दिसलं नाही. पण शब्द बघा. बाजारातल्या पोराने प्राडाचं नाव अंगावर घातलं तर ‘नक्कल’. प्राडाने चप्पल पायात घातली तर ‘प्रेरणा’. कृती तीच, माणूस बदलला की शब्द बदलतो. झिमेलचा जिना इथे चालत नाही, कारण वस्तू खालून वर गेली.

आपल्याकडच्या संतापालाही सोडू नका. ‘कोल्हापुरी’ला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार, कर्नाटकचे चार जिल्हे येतात. म्हणजे नाव एका शहराचं, काम आठ जिल्ह्यांतल्या हातांचं. अस्मिता प्रदेशाची दुखावली. चामडं कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या समाजांना याच कामामुळे पिढ्यान् पिढ्या जे भोगावं लागलं, त्याचा उल्लेख त्या मानाने कमी झाला. लेबल कारागीर झाकतं, हे प्राडाबद्दल म्हणायचं तर स्वतःबद्दलही म्हणायला हवं.

मग प्रश्न कसा घडवायचा?

एका चर्चासत्रात मी ऐकलेलं वाक्य: शिष्यवृत्ती घेतात आणि अंगात ब्रँडेड शर्ट! सभागृह हसलं. त्या हसण्याला नाव द्यायला काठाच्या बंदीची यादी पुरेशी आहे. तुमच्यातल्या काहींना प्रवेशाच्या मुलाखतीला हे वाक्य न बोलता ऐकवलं जाईल, म्हणून सांगतोय.

‘ग्रामीण युवकांवर ब्रँडचा प्रभाव’ असा विषय घेऊन येऊ नका. त्यात उत्तर आधीच बसलंय. त्याऐवजी विचारा: पोलादपूरचा मुलगा कॉलेजला काय घालतो, मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला जाताना काय, हळदीला काय आणि २० मार्चला चवदार तळ्यावर येताना काय? त्याने कपडा कुणाला दाखवण्यासाठी निवडला, आणि कुणापासून काय लपवण्यासाठी? शिंप्याला विचारा, दुकानदाराला विचारा, घरातल्या आईला विचारा. आणि उलट पुरावाही शोधा. काहींच्या बाबतीत ती निव्वळ हौस असेल. असू दे. हौसेला राजकारण बनवणं ही सुद्धा संशोधकाची लबाडीच.

फील्डवर्कच्या वहीत पहिला महिना ‘नक्कल’ हा शब्द लिहायचाच नाही, असा नियम करून बघा. त्या जागी काय घातलं, कितीला घेतलं, कुठे घातलं, कोण काय म्हणालं, एवढंच लिहा. महिन्याभरात तुमच्याकडे मतांपेक्षा बराच जास्त माल जमलेला असेल.