कर्ता गायब

पुढाऱ्याचं भाषण ऐकताना आपण टाळीची वाक्यं धरतो. मी म्हणतो, कर्ता धरा. वाक्यातून तो कुठं पळाला ते बघा, म्हंजे पुढारी सापडतो.

आपल्या पनवेलचाच शब्द घ्या : प्रकल्पग्रस्त. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसलाच हा. जणू आभाळातनं काही कोसळलं. पण १९७० साली सिडको निघाली, सरकारनं जमिनी संपादन केल्या. घेणारा होता, त्याची सही होती. ‘ग्रस्त’ म्हटलं की घेणारा गायब, उरतो फक्त मदत वाटणारा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या जासईच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. स्टेजवर ते ‘हुतात्मे झाले’. झाले! केलं कुणी? साडेबारा टक्के भूखंड त्या रक्तातून आले, नि भाषणात ते ‘दिले’ होतात.

मराठवाड्याचंही तेच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्याला नाव पडलं ‘दंगल’. दंगल म्हंजे दोघांची झुंज. इथं एक जाळत होता नि दुसरा जळत होता. पोचिराम कांबळे दंगलीत सापडले नाहीत, त्यांना ठार मारलं. सोळाव्या वर्षी, १४ जानेवारी १९९४ ला, शरद पवारांच्या सरकारनं केला तो ‘नामविस्तार’. मराठवाडा राहिलं, बाबासाहेबांचं नाव जोडलं. विरोधकाला सांगायला ‘अंतर’ नाही, आपल्याला सांगायला नाव आहे. एका शब्दावर दोन्ही सभा खिशात, वर पुरोगामी ही पदवी. नाव लढ्यानं आणलं, हे पक्कं. पण शब्द त्यांनी निवडला.

ही भाषा मतदाराला ‘लाभार्थी’ करते. बाबासाहेबांची भाषा उलटी. मार्च १९२७ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला, त्यांनी समोरच्या गर्दीला कुरवाळलं नाही. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, स्वाभिमानानं जगा, असं तोंडावर सांगितलं. मग त्याच माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. पाणी कुणी ‘दिलं’ नव्हतं. क्रियापद आपलं होतं.

म्हणून येत्या १४ एप्रिलला स्टेजवरून ‘आम्ही दिलं’ ऐकू आलं, की टाळी आवरा नि उभं राहून विचारा : आधी घेतलं कुणी होतं?