उभ्यानं पाहणाऱ्यांचं नाटक

दोस्तहो, शेक्सपिअरचं नाव निघालं की आपला समीक्षक हात जोडतो. आंबेडकरी जलसा म्हटला की नाक मुरडतो. म्हणे, हा प्रचार आहे, कला नाही. त्याला एकच विचारा : बाप्पा, शेक्सपिअरची नाटकं पाहत होतं कोण?

१५७६ साली जेम्स बर्बेजनं लंडनमध्ये 'द थिएटर' बांधलं, ते शहराच्या हद्दीबाहेर. काऊन? तर नगरपित्यांना हद्दीत नाटक नको होतं. १५९९ चं 'ग्लोब' थेम्सपल्याड, अस्वलांच्या झुंजी आणि वेश्यावस्तीच्या शेजारी. एक पेनी द्या, उघड्या आभाळाखाली उभे राहा. कारागिरांची शिकाऊ पोरं काम टाकून नाटकाला जातात, ही तेव्हाची ओरड. १५७२ च्या कायद्यानं तर ज्या नटामागं सरदार नाही तो भटक्या, फटक्यांचा धनी. शेक्सपिअरचा बाप चामड्याचे हातमोजे करायचा, मार्लोचा बाप जोडे. आज जे अभिजात, ते तेव्हा वेशीबाहेरचं होतं.

पण फरक विसरू नका. जोडे करणाऱ्याचा पोरगा मार्लो शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला. इथं महार, मांग, कोल्हाटी तमाशात नाचले, गायले. गावानं टाळ्या दिल्या, पाणी दिलं नाही.

मराठी पंडितांनी शेक्सपिअर आणला. १८८३ साली आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, १८९० साली देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव'. राजपुत्र आला, सेनापती आला. एक पेनीवाला मात्र लंडनलाच राहिला.

त्याला आपण आणलं. म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' १९५५ साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर झालं. १९५६ च्या धर्मांतराच्या वेळी तेच नागपुरात लाखोंपुढं झालं. या प्रेक्षकाचा हिशेब कोणत्या समीक्षेनं ठेवला?

आता थोडं आपल्याबद्दल. घोषणा दिली म्हणजे नाटक झालं, असं आपल्यातले काही समजतात. उभा माणूस फार कठोर असतो. खुर्चीतला डुलक्या घेत बसून राहतो; उभ्याचे पाय दुखले की तो सरळ घरी जातो. दिवसभर राबून आलेल्याला आपलं नाटक तासभर उभं ठेवतं का? कसोटी ही. ती खुर्चीवाल्यांकडून उसनी आणायची गरज नाही. पण आपल्या माणसांपुढं तिच्यातून सूटही मागायची नाही.

जयभीम.