गवतावरची आगबोट

मित्रहो, मागच्या वेळी विषय होता, वस्तू ‘तीच’ राहते म्हणजे काय. आज एकच उदाहरण घेऊ.

मुलाकडे बॉस्टनला होतो, तेव्हा त्याने मला व्हर्मांटमधल्या शेलबर्न संग्रहालयात नेलं. तिथे चक्क गवतावर एक आगबोट उभी आहे, ‘टायकोंडरोगा’. १९०६ साली शॅम्प्लेन सरोवरासाठी बांधलेली, २२० फूट लांब, दोन्ही बाजूंना मोठी वल्ह्यांची चाकं. भंगारात जायची होती. संग्रहालयाच्या संस्थापक इलेक्ट्रा वेब यांनी वाचवली. काही हंगाम ती सरोवरात चालवलीही. पण वाफेचं इंजिन जाणणारी माणसंच मिळेनात. मग १९५४-५५च्या हिवाळ्यात रूळ टाकून तिला सुमारे दोन मैल जमिनीवरून ओढत आणलं. ६५ दिवस लागले!

आता आक्षेप बघा. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की जी कुऱ्हाड तोडू शकत नाही ती नावापुरतीच कुऱ्हाड. मग जी तरंगत नाही ती बोट कसली? हेच मनात धरून मी गेलो होतो.

समोर उभा राहिलो आणि थोडा नमलो. पाण्यात असताना बोटीचा तळ आणि चाकांचा खालचा भाग कुठल्याच उतारूला दिसला नसणार. इथे सबंध दिसतो. सीसॉसारखी वरखाली होणारी ती लोखंडी तुळई, एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला चाकांचा आस. जोर कुठून कुठे जातो ते नुसतं बघून कळतं. म्हणजे बोटीचं काम गेलं, पण रचना वाचता येते. हे थोडं नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. बोट आतून १९२३ सालासारखी सजवली आहे. दालनं झकपक, बॉयलर थंड. नागसेन मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का? मी त्यात भर घालीन: सारथ्याचं कसब का? बोट किनाऱ्यावर आली ती लाकूड कुजलं म्हणून नाही, तर कसब असलेली माणसं संपली म्हणून. आणि ती ओढून आणता येत नाहीत.

भंगारापेक्षा हे शंभरपट बरं, यात वाद नाही. पण आपण हॉलमध्ये जातं मांडून ठेवतो ना? एका वेळी किती दाणे घालायचे, पाळ किती वर ठेवायची, हे आजीला कधी विचारलं होतं का? तिथून सुरुवात करू. बोला आता, प्रश्न विचारा.