भाकिताचे साक्षी

फेस्टिंगर, रीकेन व शॅक्टर ह्या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा ‘व्हेन प्रॉफेसी फेल्स’ हा १९५६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ प्रत्यक्ष निरीक्षणाचा नमुना म्हणून आजही आदरानें उल्लेखिला जातो. शिकागोजवळ राहणाऱ्या, व ग्रंथांत ‘मिसेस कीच’ हें नांव दिलेल्या एका बाईस परग्रहवासीयांचे संदेश येत. २१ डिसेंबर १९५४ रोजीं महापूर येईल, श्रद्धावंतांस मात्र आकाशयान वांचवील, असें तिचें भाकीत होतें. पूर आला नाहीं. यानही आलें नाहीं. तरी श्रद्धा न ढळतां, एरव्हीं प्रसिद्धीस टाळणारें तें मंडळ आपण होऊन वर्तमानपत्रांना बोलावूं लागलें, हा ग्रंथाचा निष्कर्ष.

कथा रसाळ आहे व ती कादंबरीकाराच्या हातोटीनें सांगितली आहे. परंतु ग्रंथाचें खरें मर्म अखेरच्या परिशिष्टांत आहे, आणि तें वाचणारे थोडे. लेखकांचे निरीक्षक मंडळांत भक्त म्हणूनच शिरले होते. प्रवेश मिळावा म्हणून एकीनें, पुरांतून आपणांस कोणी वर उचलून घेतलें, असें स्वप्न रचून सांगितलें. मंडळीस तो दृष्टान्तच वाटला. दुसऱ्या एकावर सभा चालविण्याची पाळी आली, तेव्हां त्यानें (बिचारा दुसरें काय करणार?) सर्वांनीं मौन धरून ध्यान करावें, असें सुचविलें. त्या शांततेंतच मंडळांतील आणखी एका स्त्रीच्या मुखावाटे प्रथमच संदेश येऊं लागले! टिपणें स्नानगृहांत जाऊन करावयाचीं, आणि बाहेर येऊन पुन्हा भक्त व्हावयाचें.

अल्पावधींत आपणांकडे अनोळखी माणसें येत आहेत, हाच त्या मंडळीस आपल्या मताचा पुरावा वाटला, हें लेखकच मान्य करतात. मग अखेरपर्यंत टिकली ती श्रद्धा कितपत त्यांची, व कितपत पाहुण्यांनीं पोसलेली? दुर्बिणीनें ताऱ्याची गति बदलत नाहीं. दिवाणखान्यांत येऊन बसलेल्या चौथ्या माणसानें तिघांचें संभाषण बदलतें. शिवाय ज्यांनीं विश्वासानें दार उघडलें, त्यांना आपण कोण हें सांगण्याची गरज ह्या विद्वानांस भासली नाहीं, ही गोष्ट मला पद्धतीच्या दोषाहूनही अधिक बोंचते.

लेखकांनीं आपल्या ढवळाढवळीची कबुली दिली, हा त्यांचा प्रामाणिकपणा खराच. पण ती शेवटीं ठेवून निष्कर्ष मात्र त्यांनीं निःशंकपणें मांडला. फेस्टिंगर ह्यांचा विसंगतीचा सिद्धान्त पुढें १९५९ सालीं प्रयोगशाळेंत कसास लागला, तो भाग निराळा. त्या सिद्धान्ताच्या पुष्टीस ह्या घरांतील हकीकत देणाऱ्यानें तें परिशिष्टही सोबत द्यावयास हवें.